मिरजेचा तंबोरा आणि मांगवाड्यातील हलगी

महाराष्ट्रातील संगीतशिक्षणाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास मिरजेचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. ग्वाल्हेरची ख्यालगायकी शिकून आलेले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथे राहिले आणि शिकवीत राहिले. त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर पलुसकर तयार झाले. उत्तरेतील कैरान्याहून निघालेले अब्दुल करीम खाँसाहेब अखेरीस मिरजकर झाले. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचा देह मिरजेस आणून ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. आजही तेथे उरुसात गायक-वादक हजेरी लावतात. तंबोरे आणि सतारी करणारी येथली घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणाऱ्यांची. संस्थानिकांच्या तलवारी थंडावल्यावर त्यांनी भोपळा आणि लाकूड हाती घेतले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हे सारे सांगली जिल्ह्याला भूषणावहच आहे आणि त्याविषयी माझ्या मनात आकस नाही.

परंतु ह्याच जिल्ह्यात, वाळवे तालुक्यातील वाटेगावी १९२० साली अण्णा भाऊ साठे जन्मले. त्याच तालुक्यातील रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे गाव. सांगलीच्या शेजारी कवलापूर; तेथल्या खाडे घराण्याचा तमाशा, आणि त्यातील काळू-बाळू ही जुळ्या भावांची जोडी महाराष्ट्राने कित्येक दशके पाहिली. साताऱ्याच्या घाटमाथ्यापासून जतच्या माळापर्यंत ज्या जत्रेला जाल, ज्या कुस्तीच्या मैदानाला जाल, तेथे आधी हलगी कानावर पडते आणि मग माणसे दिसतात. हाही आवाजच आहे. तोही कुणीतरी कुणाला तरी शिकविल्याखेरीज पिढ्यान् पिढ्या टिकलेला नाही. तरीही संगीतशिक्षणाच्या इतिहासात त्याला पान नाही. असे का व्हावे, आणि ते पान मिळावे म्हणून काय करावे लागेल, याचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

मी ह्या भागातील एका महाविद्यालयात मराठी शिकवितो. आमच्या घरातील मी पहिला पदवीधर. माझे वडील हलगी वाजवीत. ते ‘कलावंत’ आहेत असे त्यांच्या हयातीत गावात कुणी म्हटले नाही. ‘वाजवायला बोलवा’ एवढेच म्हटले. ह्या दोन शब्दप्रयोगांतले अंतर कसे पडते हे समजून घ्यावयाचे तर प्रथम विष्णु दिगंबरांकडेच जावे लागते. कारण ते अंतर एकदा प्रत्यक्ष ओलांडून दाखविणारा मनुष्य तोच आहे.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडास झाला. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाका उडून मुलाचे डोळे अधू झाले, औषधोपचारासाठी त्याला मिरजेस आणले, आणि डोळ्यांवर अवलंबून राहणारे शिक्षण अशक्य म्हणून गाण्याकडे वळविले. मिरजेच्या अधिपतींनी आश्रय दिला, बाळकृष्णबुवांनी विद्या दिली. येथवरची कथा दरबारी गवयाचीच आहे. पुढचा प्रसंग चरित्रकार सांगतात तो असा : गावातील एका समारंभाला विष्णु दिगंबरांना बोलावणे आले, त्यांच्या गुरूंना आले नाही. चौकशी करता कळले की गुरू काय, गवईच. दरबारच्या कृपेतला ब्राह्मण तरुण प्रतिष्ठित; त्याला विद्या देणारा ब्राह्मण गुरू मात्र केवळ गाणारा, म्हणून पंक्तीबाहेर. हा सल घेऊन १८९६ साली विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली आणि औंध, सातारा, पुढे बडोदे, ग्वाल्हेर असे करीत ते थेट पंजाबात पोहोचले.

ह्या प्रसंगाकडे आपल्या वाचकांनी जरा थांबून पाहावे. सव्वाशे वर्षांपूर्वी गाणाऱ्या ब्राह्मणालाही गाण्यामुळे कमीपणा येत होता. म्हणजे संगीत हे काही अनादि कालापासून सोवळ्यात ठेवलेले होते अशी समजूत खोटी आहे. त्याला प्रतिष्ठा मिळवून देण्यात आली. ती कशी मिळविली गेली ह्याचा आराखडा आपल्यापुढे आहे, आणि तो अभ्यासण्यासारखा आहे.

५ मे १९०१ रोजी लाहोरला विष्णु दिगंबरांनी गांधर्व महाविद्यालय काढले. राजाश्रयावर नव्हे, लोकांच्या वर्गणीवर, फीवर आणि तिकीट लावून केलेल्या जाहीर जलशांवर. तेथे वर्ग होते, वेळापत्रक होते, इयत्ता होत्या, परीक्षा होत्या. गुरूच्या लहरीवर अवलंबून असलेली विद्या त्यांनी छापील पुस्तकांत आणली. त्यासाठी स्वतःची स्वरलेखनपद्धती बसविली. पूर्ण वेळ राहून शिकणाऱ्या व पुढे शिक्षक होणाऱ्या विद्यार्थ्यांचा वेगळा वर्ग केला. त्यांना गाणे जितके शिकविले तितकेच लोकांपुढे कसे उभे राहावे हेही शिकविले. चिजांतील शृंगाराचे शब्द काढून भक्तीचे घातले. राष्ट्रसभेच्या अधिवेशनांत ते गायले, आणि गाणाऱ्याच्या भोवतीचे बैठकीचे, माडीचे, नशापाण्याचे वलय पुसून त्याला देशभक्ताचे आणि संताचे वलय दिले. १९०८ साली मुंबईस महाविद्यालय आले. इमारतीचे कर्ज डोईजड झाले, १९२४ च्या सुमारास ती लिलावात गेली. १९३१ साली ते मिरजेस वारले. त्यांच्या शिष्यांनी त्याच वर्षी जे मंडळ स्थापले, तेच आजचे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत त्याच्या परीक्षांना आज देशभर मुले बसतात. दहावीच्या मुलांना शास्त्रीय गायन-वादनाच्या अशा परीक्षांबद्दल वाढीव गुणही मिळतात.

शिक्षक म्हणून मला ह्या माणसाविषयी आदर वाटतो. एका पिढीत एवढे काम करणारा संघटक आपल्या चळवळीत निपजला असता तर आपण त्याची जयंती केली असती. पण त्यांच्या कार्याची दुसरी बाजूही लिहिली गेली पाहिजे. जानकी बखले यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात पलुसकर आणि भातखंडे ह्या दोघांची चिकित्सा करताना असे दाखविले आहे की संगीताला मिळालेली ही प्रतिष्ठा ब्राह्मणी, हिंदू धार्मिकतेच्या साच्यातून मिळाली, आणि ज्या मुसलमान उस्तादांच्या घरांत ती विद्या जगली होती ते ह्या नव्या व्यवस्थेत मागे पडले. मी त्यात एवढीच भर घालीन की उस्ताद निदान मागे तरी पडले. आमचे वाजविणारे त्या रांगेत धरलेच गेले नव्हते. विष्णु दिगंबरांच्या नामवंत शिष्यांची नावे वाचावीत : ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बाबूराव देवधर. सारे थोर कलावंत व शिक्षक. नावे वाचून जे समजायचे ते समजते.

लाहोरचे विद्यालय निघण्याच्या सहा महिने आधी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत रामजी सुभेदारांच्या मुलाचे नाव दाखल झाले. तो मुलगा शाळेत बसण्यासाठी घरून आणलेले पोते अंथरीत असे. विद्या दरबारातून बाहेर काढून सर्वांसाठी शाळेत आणली, असे आपण पलुसकरांविषयी म्हणतो तेव्हा त्या काळी ‘शाळा’ ह्या शब्दाचा अर्थ काय होता, हे त्या पोत्यावरून लक्षात यावे.

आता आवाजाकडे वळू. हलगीला शाळा नाही याचे कारण विचारले तर जाणते लोक ‘त्यात स्वर नाही’ असे उत्तर देतात. हे उत्तर सरळ धुडकावून लावण्यापेक्षा तपासून पाहणे बरे.

ताणलेल्या गोल कातड्यावर आघात केला की त्यातून एकच कंपन निघत नाही, अनेक निघतात. मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी इतर कंपने असली तर आपल्या कानाला त्यांचा मेळ लागतो आणि आपण त्याला स्वर म्हणतो. तार अशी वाजते, म्हणून तंबोरा स्वरात असतो. साध्या कातड्याची गोष्ट वेगळी आहे. त्याची वरची कंपने मूळच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशी वेडीवाकडी पडतात. त्यांचा मेळ लागत नाही. तबल्याच्या मध्यभागी जी काळी शाई थरांवर थर देऊन घोटून बसवितात, तिच्या वजनाने ही वेडीवाकडी कंपने जवळजवळ सरळ पटीत येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली एका सहकाऱ्यासह ‘नेचर’ ह्या शास्त्रीय नियतकालिकात हे प्रथम मांडले. म्हणजे तबला आणि हलगी यांच्यात फरक आहे तो शाईचा. कातडे दोहोंचे बकऱ्याचेच. ते कमावणारे, वादी काढणारे, ताणणारे हात दोन्ही ठिकाणी आहेत. विटाळ मात्र एकाच कातड्याला लागला. तबला बैठकीत गादीवर गेला आणि हलगी वेशीवर राहिली. हे ध्वनिशास्त्राने घडविलेले नाही.

हलगीत निश्चित स्वर नाही हे खरे. पण त्या वाद्याला तो नकोच आहे. हातभर रुंदीचे कडे, एका बाजूने मढविलेले कातडे, एका हातात लांब बारीक काडी, दुसऱ्या हातात आखूड जाड टिपरू. बारीक काडी कातड्याला लागून चटचटते, जाड टिपरू आघात देते. मेळ न लागणारी ती वरची कंपने गर्दीतून, वाऱ्यातून, दोन शेतांपलीकडे ऐकू जातात. गोड, गोलाकार स्वर तेवढ्या अंतरावर विरून जातो. मोकळ्या माळावर हजारो माणसांत ऐकू जाण्यासाठी जे वाद्य घडले, त्याला बंद दिवाणखान्याची कसोटी लावून नापास करणे हा न्याय नव्हे. सोबत घुमके असते ते खालचा, दाट आवाज देते, आणि कैताळ मधली जागा भरते. हा पुरा मेळ आहे.

आणि ह्या वाद्याला तयारी लागत नाही असे ज्याला वाटते त्याने पावसाळी हवेत हलगी वाजवून पाहावी. कातडे ओल शोषते, सैल पडते, आवाज बसतो. म्हणून वाजविण्यापूर्वी गवत वा कागद पेटवून त्यावर ती शेकतात. किती शेकायची हे कान सांगतो. कमी शेकली तर ती बोलत नाही, जास्त शेकली तर भर मैदानात फाटते. शेकल्यावर चढलेला आवाज पुन्हा हळूहळू उतरू लागतो. म्हणजे वाजविणारा सबंध वेळ बदलत्या वाद्यावर वाजवीत असतो आणि आघात त्याप्रमाणे बदलीत असतो. तबलजी हातोडीने तबला मिळवून बसला की निदान काही काळ निश्चिंत होतो. हलगीवाल्याला ती सोय नाही. (आता प्लास्टिकचे कातडे आले आहे. ते शेकावे लागत नाही, फाटत नाही, स्वस्त पडते. माझ्या कानाला ते पत्र्यासारखे लागते; पण ज्याला रात्रभर वाजवून पोट भरायचे आहे त्याने माझ्या कानाचा विचार करावा असे मी म्हणणार नाही.)

कुस्तीच्या मैदानातील वादन तर मला एक स्वतंत्र शास्त्र वाटते. पैलवान हात मिळवतात, खडाखडी चालू होते, तेव्हा चाल संथ असते. वाजविणाऱ्याचे डोळे पैलवानांच्या पायांवर असतात, काडीवर नव्हे. पट निघतो आहे असे वाटताच लय उचलली पाहिजे. आणि डाव फसला की कुणाच्या लक्षात न येता ती खाली आणली पाहिजे. प्रेक्षकांचा आरडाओरडा डावानंतर होतो, हलगी डावाबरोबर असते. लेझमीत हेच उलटे : तेथे शंभर पाय हलगीच्या मागे जातात. हे शिक्षण आमच्या घरी कसे झाले ते सांगतो, कारण अशा गोष्टी कुठे लिहिलेल्या नसतात. आधी रॉकेलचा रिकामा डबा. मग तोंडाने बोल म्हणत मांडीवर हात. हलगी हाती लागायला दोन वर्षे गेली. चूक झाली तर वडील काही बोलत नसत, फक्त घुमक्याचा ठेका एकदम थांबे. त्या थांबण्याने चूक कुठे झाली हे नेमके कळे. अध्यापनशास्त्राच्या पदविकेत मला ह्याहून चांगली रीत कुणी शिकविली नाही.

आता तुलनेसाठी एक गोष्ट. १९१० साली कृष्णाजी बल्लाळ देवल ह्या सांगलीच्या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातील स्वर तारेच्या लांबीवर मोजण्याचा उद्योग केला. ई. क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश त्यांना येऊन मिळाले; श्रुतींची पेटी तयार करण्यात आली; १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर खडाजंगी झाली आणि भातखंड्यांना ती मोजणी पटली नाही. मोजणी बरोबर की चूक हा तज्ज्ञांचा प्रश्न. मला महत्त्वाचे वाटते ते हे की सांगलीत बसून एका माणसाला एका गळ्यातील बारीकसारीक अंतर मोजावेसे वाटले. ज्याला आपण मोलाचे मानतो त्यालाच आपण मोजतो. हलगीची चढती लय, तिचे शेकणे, तिच्या दोन काड्यांमधली फट कुणी मोजली नाही, कारण तो आवाज संगीत नसून चाकरी आहे असे आधीच ठरले होते.

चाकरी हा येथला कळीचा शब्द आहे. दवंडी द्यायची, साहेब आला की पुढे पळायचे, मढे निघाले की वाजवायचे, देवीच्या यात्रेत, पाटलाच्या वरातीत वाजवायचे आणि मोबदला म्हणून शिळेपाके किंवा सुगीला बलुते. आटपाडी ही त्या वेळी औंध संस्थानात होती. तेथे जन्मलेल्या शंकरराव खरातांनी ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) ह्या आत्मचरित्रात तराळकीचे जे जग उभे केले आहे, ते वाचलेल्या माणसाला हलगीविषयी नुसते सौंदर्यवादी बोलता येणार नाही. ज्या औंधला विष्णु दिगंबर मिरज सोडून प्रथम गेले, त्याच संस्थानातील ही तराळकी. दरबार न पटल्याने गवई उठून पुढच्या गावी गेला. तराळाला उठून जाता येत नव्हते. वतन त्याच्या पायांत होते.

म्हणून बाबासाहेबांच्या हाकेनंतर गावोगावच्या आमच्या माणसांनी मेलेली जनावरे ओढणे सोडले, तराळकी नाकारली, आणि पुष्कळांनी वाद्येही खाली ठेवली, ते अगदी योग्य झाले. १९५८ च्या कायद्याने महार वतन संपले. वाजविणे नाकारल्याबद्दल माणसांनी बहिष्कार सोसले. आज कुणी संस्कृतिप्रेमी येऊन ‘अरेरे, परंपरा लोपली’ म्हणून हळहळू लागला की मला राग येतो. हलगीचा आवाज आवडतो आणि ती वाजविणाऱ्याला उंबऱ्याबाहेर उभा करण्याची रीतही सोडवत नाही, अशा रसिकतेला आम्ही काय म्हणावे?

परंतु येथेच आपल्यामध्ये दोन मते आहेत आणि ती उघड मांडली पाहिजेत. एक मत असे की हलगी ही गुलामीची खूण, ती फोडावी. दुसरे असे की ती आमची कला, ती मिरवावी. अलीकडे मोर्चात, जयंतीच्या मिरवणुकीत हलगी कडाडते तेव्हा दुसऱ्या मताचा जय झाला असे वाटते. माझे मत असे आहे की पहिल्या मताच्या लोकांनी आपले काम केले म्हणूनच दुसऱ्या मताला बोलता येते. न वाजविण्याचा अधिकार ज्याला आहे, तोच वाजवितो तेव्हा कलावंत असतो. १८९६ साली विष्णु दिगंबरांनी नेमका हाच अधिकार वापरला. ज्यांनी हलगी खाली ठेवली त्यांनी तिची हानी केली नाही. तिला चाकरीतून मोकळी केली.

अण्णा भाऊंनी तमाशाचे जे केले ते ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. वाटेगावचा हा मुलगा शाळेत टिकला नाही, मुंबईस गेला, गिरणीत राबला, आणि १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्याने लाल बावटा कलापथक काढले. तमाशाची ढोलकी, डफ, तुणतुणे, सवालजबाब हे सारे त्यांनी ठेवले. गणातला गणपती मात्र काढला आणि त्या जागी मायभूमीला व श्रमिकाला वंदन आणले. गवळणीतली छेडछाड गाळली. पलुसकरांनीही जुन्या चिजांतले शब्द बदलले होते, पण शृंगार काढून देव आणला होता. अण्णा भाऊंनी देव काढून माणूस आणला. सत्यशोधक जलशांनी आणि आंबेडकरी जलशांनी ही वाट आधीच पाडून ठेवली होती. जलसे हीच आमची संगीतशाळा होती असे म्हटले तरी चालेल; फरक इतकाच की तिच्यात इयत्ता नव्हत्या आणि पोटापाण्याची हमी नव्हती.

पठ्ठे बापूरावांविषयी एवढेच की रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जात सोडून तमाशात आले, हे त्यांचे धैर्य खरेच. पण ब्राह्मण खाली उतरला ह्याचे जेवढे कौतुक आपल्या वाङ्मयात आहे, तेवढे त्या फडात आधीपासून उभ्या असलेल्या पवळाच्या कलेचे नाही.

आता प्रश्न अभ्यासक्रमाचा. मुंबई विद्यापीठात २००४ पासून लोककला अकादमी आहे. डॉ. अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीत ही कलासंगीताची कच्ची पायरी नसून स्वतःचे नियम असलेली वेगळी कोटी आहे असे सविस्तर मांडले, त्यालाही आता जवळजवळ अर्धशतक झाले. रानडे स्वतः गायक, संगीताचे अध्यापक आणि आवाजाच्या जोपासनेचे शिक्षक. त्यामुळे त्यांच्या म्हणण्याला संगीतवाल्यांतही वजन होते. दहावीच्या वाढीव गुणांत लोककलेची तरतूद झाली आहे. तत्त्वतः दार उघडे आहे. व्यवहारात मी काय पाहतो? युवा महोत्सव आला की आमच्या ओळखीच्या एका महाविद्यालयाला हलगी वाजविणारा मुलगा आठवतो. लोकनृत्याच्या मागे तो उभा असतो. प्रमाणपत्रावर ‘साथीदार’ असे लिहिलेले असते. बक्षिसाच्या छायाचित्रात तो एका कडेला असतो, आणि जानेवारीत त्याची हजेरी कमी भरली म्हणून त्याला नोटीस येते. मी अशा एका मुलासाठी भांडलो आहे. हजेरी मिळाली, ‘साथीदार’ हा शब्द बदलून मिळाला नाही.

दोन वर्षांपासून मी आठवड्यातून दोनदा, तास संपल्यावर, हलगीचा वर्ग घेतो. मान्यता नाही, मानधन नाही. जिन्याखालची एक खोली आहे. ह्या वर्गाविषयी मी एक अट पहिल्या दिवशी घातली : फक्त मांगवाड्यातली मुले आली तर वर्ग चालणार नाही. कारण तसे झाले तर ते बलुतेदारीलाच अभ्यासक्रम लावणे होईल. मुलगा मातंगाचा म्हणून हलगी, मुलगा जोशांचा म्हणून तंबोरा, ह्याला शिक्षण म्हणत नाहीत. पहिली चार महिने तीनच मुले होती. आज अकरा आहेत. त्यांत मराठा आहेत, धनगर आहेत, एक मुल्लांचा मुलगा आहे. मिरवणुकीत हलगीवर नाचणाऱ्या मुलांना ती हातात धरायला सांगितले की पहिल्यांदा हात मागे जातो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एकाच्या घरून निरोप आला की नाचू दे, वाजवू नको. तो मुलगा अजून येतो. घरी काय सांगून येतो ते मी विचारीत नाही.

लिहून ठेवण्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. प्रथम आम्ही मात्रा, सम, खाली अशी तबल्याची रीत वापरून पाहिली. लेझमीच्या चाली तीत बसल्या. कुस्तीच्या बसेनात, कारण तेथे लय स्थिर नाही आणि खाली नावाची वस्तूच नाही. मग एका विद्यार्थ्याने कागदाचे दोन रकाने केले : डावीकडे पैलवानाचे पाय, उजवीकडे आघात. खडाखडी, पकड, पट, चितपट अशा शब्दांसमोर त्याने काड्यांच्या खुणा मांडल्या. ही पद्धत अजून ओबडधोबड आहे. पण ती कुणाच्या पुस्तकातून आलेली नाही, मैदानातून आली आहे. विष्णु दिगंबरांनी लाहोरात आपली लेखनपद्धती बसविली तेव्हा त्यांच्याही पहिल्या कागदांवर खाडाखोड असलीच पाहिजे. आमच्या मुलांच्या वह्या मी जपून ठेवतो आहे. इतर महाविद्यालयांत कुणी असे काही करीत असेल, डफड्याचे, ढोलकीचे, सनई-चौघड्याचे लेखन करीत असेल, तर त्यांनी आपल्या वह्या आमच्या वह्यांशेजारी ठेवून पाहाव्यात. मला त्याची गरज आहे.

ह्या वर्षी वर्गात पहिली मुलगी आली. तिचे आजोबा वाजवीत. वडिलांनी ते सोडले आणि ते बांधकामावर गवंडी म्हणून काम करतात. ते स्वतः एके दिवशी खोलीशी आले, दाराशी उभे राहिले, मी आत बोलावल्यावर बसले. त्यांचे म्हणणे थोडक्यात होते. पोरीने शिकायला हरकत नाही. पण ती कुणाच्या दारात वाजवणार नाही, कुणी सुपारी दिली तरी नाही, आणि वर्गात जी शिकतील त्या सगळ्यांना हीच अट असली पाहिजे, एकट्या तिला नाही. मी ती अट वर्गाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतली आणि अकराही जणांच्या सह्या घेतल्या.